लाल मणी, आतून पांढरे

भोसरीतली आमची जमीन कारखान्यांसाठी गेली आणि आलेल्या पैशांतून सासऱ्यांनी सोन्याची बोरमाळ घडवली. सासूबाईंनी आम्हा दोघी जावांपुढे ताट ठेवलं. त्यात ती बोरमाळ होती आणि त्यांच्या आईची जुनी, काचेच्या लाल मण्यांची माळ. तिचा दोरा पार कुजलेला.

"थोरली आधी घेईल," त्या म्हणाल्या.

मी झटकन बोरमाळ उचलली. धाकटीच्या वाट्याला काच आली म्हणून मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

तिनं ते मणी गाठवायला चाकणच्या बाजारात नेले. मी गेले गंमत बघायला. माळा गाठवणाऱ्या चाचांनी एक मणी उजेडात धरला. बाहेरून डाळिंबी, भोकाशी पांढराशुभ्र.

"इलायती काच हाय ही, बेटी. माझ्या आज्याच्या वक्ताला जहाजानं यायची. आता शोधून मिळायची न्हाई."

त्यांनी मध्ये मध्ये चांदीचे बारीक मणी ओवले, मागं काळ्या रेशमाचा गोंडा बांधला.

झालं! नळावर, गिरणीत, हळदीकुंकवाला, जी ती बाई तिच्या गळ्याकडे बघायची. माझ्यासारखी बोरमाळ मात्र आता आळीत घरोघरी होती. जमिनी सगळ्यांच्याच गेलेल्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वाटायचं, तिची माळ तुटावी आणि मणी गटारात जावेत. अगदी खरं सांगते, असंच वाटायचं.

नणंदेच्या लग्नासाठी मी जत्रेतून तसलेच लाल मणी आणले आणि घरीच ओवले. मांडवात ऊन मी म्हणत होतं. घामानं मण्यांचा रंग सुटला आणि गळ्यावरून ओघळला.

"अगं बाई, कापलं का काय?" कुणीतरी ओरडलं.

धाकटीनं मला आत ओढलं, ओल्या फडक्यानं माझा गळा पुसला आणि स्वतःची माळ काढून मला बांधली.

"आक्का, आज तुमीच घाला. लई शोभंल तुमाला."

मी ताठ मानेनं मांडवात आले. पंगती उठेपर्यंत वाट पाहिली, एका बाईनंही माळेचं विचारलं नाही. सासूबाईंनी मात्र सगळ्यांदेखत धाकटीची हनुवटी धरली.

"गळ्यात नुसतं मंगळसूत्र, तरी पोर कशी गोड दिसती बघा!"

मी शेजारीच उभी होते, ते मणी घालून.