दीड फुटाने अरुंद

शिवणकाकूंचा नवरा फिटर होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीत स्वतःचं वर्कशॉप थाटलं. जाड फळीचं टेबल, त्याला घट्ट बसवलेला, वस्तू जबड्यात आवळून धरणारा व्हाइस, भिंतीवर ओळीने टांगलेल्या करवती आणि कानशी. काकू पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर असायच्या आणि तो मागे. दिवस दिवस दोघांचं धड बोलणं होत नसे, पण कानशीचा आवाज थांबला की काकू पानं वाढायला उठायच्या.

तो गेला त्याला आठ महिने झाले होते. मागच्या खोलीला तेव्हापासून कुलूप होतं. काकूंचं यंत्र चालायचं, पण मधेच थांबवून त्या उगाच कान द्यायच्या. कपडे टाकायला येणाऱ्या बायका माप सांगून निघून जायच्या. कधी कधी संध्याकाळी काकूंच्या लक्षात यायचं, की आज आपण ‘बाही केवढी ठेवू?’ याखेरीज काही बोललोच नाही.

मुलगा दूरच्या शहरात होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

“आई, एकटी काय करतेस तिथे? इकडे ये. आतली छोटी खोली तुझी.”

“केवढी आहे रे?”

“असेल सहा बाय आठ. का गं?”

“काही नाही, विचारलं.”

काकूंनी टेप घेऊन पलंग मोजला. लोखंडी पाइपांचा, पाच फूट रुंद. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी फिटरने स्वतः केलेला. एवढा पलंग त्या खोलीत ठेवला तर कपाटाचं दार उघडणार नाही. दीड फूट कमी केला तर बसेल. लांबीच्या बाजूला हात लावायचा नव्हता. आडवे सहा पाइप, उशाचा एक आणि पायथ्याचा एक, असे आठ तुकडे कापायचे होते. पाइपांच्या टोकांना बोल्टच्या पट्ट्या होत्या, त्या नंतर वेल्डरकडून परत जोडून घेता आल्या असत्या. खरं तर कापायलाही वेल्डरलाच बोलावता आलं असतं. पण परक्या माणसाने येऊन तो पलंग खराखरा कापावा, हे त्यांना सोसवणारं नव्हतं.

त्यांनी कुलूप काढलं. धूळ झटकली. फ्रेममध्ये ब्लेड अडकवलेली एक करवत घेतली, पहिला पाइप पलंगापासून सोडवून टेबलाच्या कडेवर ठेवला, डाव्या हाताने दाबला आणि घासायला लागल्या. चौथ्या-पाचव्या झटक्याला ब्लेड पाइपात अडकलं, पाइप गर्रकन फिरला आणि ब्लेडचे दोन दात तुटून उडाले. एक काकूंच्या भुवईवर लागला. बोटभर खाली लागता तर डोळाच गेला असता. त्या तिथेच स्टुलावर बसल्या. ‘लागलं का?’ असं विचारणारं घरात कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या तुटकं ब्लेड पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकानदार फिटरला ओळखायचा. त्याने ब्लेड उलटसुलट करून पाहिलं.

“काकू, हे मोठ्या दातांचं. भरीव सळईला चालतं. पाइपाचा पत्रा पातळ, तो दोन दातांच्या मधे जाऊन अडकतो. बारीक दातांचं घ्या, इंचाला बत्तीस दातांचं.”

“म्हणजे मलमलीला जाड सुई लावली मी.”

“अगदी तसंच. आणि दातांचं तोंड पुढच्या बाजूला हवं. जोर पुढे ढकलताना द्यायचा, मागे येताना नाही. पाइप धरला कशात होता?”

“हातात.”

दुकानदार ब्लेड खाली ठेवत म्हणाला, “हातात नाही धरायचा, काकू. व्हाइसमध्ये आवळा, कापायची खूण अगदी जवळ ठेवून. लांब राहिली तर पाइप थरथरतो.”

“यांचं विजेवरचं कटर पण आहे.”

“त्याच्या चकतीवरचं झाकण, गार्ड, जागेवर आहे?”

“यांनी काढून टाकलं होतं. मधे येतं म्हणायचे. मी किती डोकं फोडलं.”

“मग त्याला हातच लावू नका. चकती फुटली तर तोंडावरच येते.” त्याने ब्लेडांसोबत एक चष्मा पुढे ठेवला. “हा लावल्याशिवाय करवत उचलायची नाही.”

काकूंनी बाह्या वर दुमडल्या, केस बांधले, चष्मा लावला. या वेळी ब्लेड ताणून बसवलं, खुणेवर तेलाचे दोन थेंब टाकले. आधी घाईघाईने, मग हळूहळू, ब्लेडच्या पूर्ण लांबीने. पाइप तुटत आला की हात सैल सोडायचा, हे तिसऱ्या पाइपापर्यंत त्यांच्या अंगवळणी पडलं. कापलेल्या कडा कानशीने घासून त्यांनी बोथट केल्या.

रोज दोन-तीन पाइप, असे तीन दिवस गेले. त्या दिवसांत त्या जमिनीवर गादी टाकून झोपल्या. उशाचा पाइप त्यांनी शेवटी घेतला. त्याच्या मधोमध रंग उडालेला होता. फिटर रोज तिथे डोकं टेकवून वर्तमानपत्र वाचायचा. काकूंनी खूण टोकाजवळच केली, तो भाग राहील अशी.

वेल्डरने येऊन पट्ट्या जोडल्या. “मावशी, मी मशीनने दहा मिनिटांत कापून दिलं असतं.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या.

रविवारी त्यांनी फोनवर सांगितलं, “पलंग लहान करून घेतलाय. आता बसेल तुझ्या खोलीत.”

“अगं आई, तो सांगाडा कशाला आणतेस इतक्या लांब? तिथे सोफा-कम-बेड टाकलाय आम्ही. पाहुणे आले तरी उपयोगी पडतो.”

“बरं.”

“मग कधी येतेस?”

“बघते. या महिन्यात शिवायचं बरंच पडलंय.”

त्यानेही ताणून धरलं नाही. पुढच्या रविवारी विषय निघाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. काकू अरुंद पलंगावर झोपायला लागल्या, तरी कितीतरी दिवस जाग यायची तेव्हा त्या अगदी कडेला असायच्या.

मागच्या खोलीला मात्र पुन्हा कुलूप लागलं नाही. काकू कापून देतात, हे वेल्डरकडूनच आळीत पसरलं असावं. एक दिवस वरच्या मजल्यावरची शिक्षिका पडद्याचा पाइप घेऊन आली. चार बोटं जास्त झाला होता.

“तुम्ही दाराशीच उभ्या राहा,” काकूंनी चष्मा चढवत सांगितलं. पाइप आवळला, कापला, कड घासून तिच्या हातात दिला.

“किती सुरेख कापलंत हो.”

“बसा ना थोडं.”

“नाही काकू, पडदे तसेच पडलेत.”

तिची पावलं जिन्यावरून वर गेली, दार लागलं. काकूंनी टेबलावरचा लोखंडाचा चुरा ब्रशने गोळा करून डब्यात टाकला, ब्लेड थोडं सैल केलं आणि करवत खिळ्याला अडकवली.