जाऊबाईंचे मामा आणि गोठ्यातली धूळ

मार्गशीर्षातला सोमवार, साल १९५८, सकाळ. गोठ्यात हजर: मी, माझी धाकटी जाऊ, गडी पांडू, गाय, तिची खोकणारी कालवड, आणि कालवडीशेजारी जमिनीवर पालथे पडलेले जाऊबाईंचे मामा.

भित्रेपणात या मामांचा हात धरील असा माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नव्हता. साप, भुतं, वादळातली होडी यांचं त्यांना काही वाटत नसे. ते भीत फक्त धुळीला. मुंबईत गुरांच्या दवाखान्यात नोकरी झाली, मेलेल्या वासरांची फुप्फुसं चिरताना पाहिली, तेव्हापासून हवेवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. रेवदंड्याहून अलिबागला निघाले की तोंडाला ओलं उपरणं. लग्नात अक्षता पडू लागल्या की तांदळाच्या भुकटीच्या धास्तीनं नाक दाबून मंगलाष्टकं ऐकत. एकदा वरमाईला वाटलं, पाहुण्यांना आमच्या स्वयंपाकाचा वास सोसत नाही. सुक्या बोंबलांच्या वाळवणातून मात्र खुशाल चालत. "वास येतो नि जातो," म्हणत, "धूळ मुक्कामाला येते."

"मामा, ऊठ बघू. शेजारी हसतील," जाऊ म्हणाली.

"हसू देत. कालवडीच्या नाकाशी काय हवा आहे ते उभ्या माणसाला कसं कळणार?"

पांडू माळ्यावरून बुरसट पेंढा खाली टाकत होता. कौलांतून आलेला कवडसा धुळीनं पांढरा झाला. मामांनी तिकडे बोट दाखवलं. "ही दिसते ती जाड. नाकात अडते, शिंकेबरोबर जाते. दिसत नाही ती आत उतरते आणि फुप्फुसाच्या पुढच्या, खालच्या टोकांत बसते. वासराची छाती कोवळी, तिला ती बाहेर ढकलता येत नाही. टोकं काळजासारखी घट्ट होतात. पाण्यात टाकली तर बुडतात."

या गायीची आधीची दोन वासरं अशाच खोकल्यानं गेली होती, आणि गाय आता उताराला लागलेली. ही कालवडही गेली तर घरचं दूध संपलं.

मी लगेच कामं वाटली. पेंढा बाहेर झटकून, पाणी शिंपडून घालायचा. कालवड फणसाखाली बांधायची. संध्याकाळची धुरी बंद.

"धुरी न्हाय केली तं गोमाशा खातील तिला," पांडू कुरकुरला.

"खाऊ देत. माशी वरून खाते," मामा म्हणाले.

अलिबागहून गुरांचे डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. मामा कालवडीच्या बरगड्यांना कान लावून बसले. आम्ही भांडं आपटलं तरी डोळे वटारत. तिचा श्वास भात्यासारखा चाले, मधेच थांबे, आणि आम्ही तिघंही श्वास धरून उभी राहत असू. शेवटी एका सकाळी तिनं मामांचं उपरणं ओढून चघळायला घेतलं. मामांनी ते सोडवलं नाही. नुसते डोळे पुसले.

मग माझ्याकडे वळले. "आता तुम्ही खोल श्वास घ्या, बाई."

"मामा, मी काय वासरू आहे?"

"नाही, तीच भीती आहे. वासराला बांधून ठेवता येतं. ही धुरी, हा कोंडा, सगळं तुमच्याही छातीत गेलंय. रात्री खोकता ते मला ऐकू येतं. अलिबागला जाऊन छाती दाखवा."

"भाताची झोडणी उरकली की जाते," मी म्हटलं.

मामा जाऊन आता चार पावसाळे झाले. ती कालवड दोन वेतांची गाय झाली. गोठा मी पाणी शिंपडल्याशिवाय झाडू देत नाही. खोकला येतो, थोडा जास्तच येतो. यंदाची झोडणीही परवा उरकली. अलिबागला जायचं तेवढं राहिलं आहे.