दोनशे फोनांची मावशी

आमच्या पॅकिंगच्या कारखान्यात फोन न्यायचा नाही. आत सापडला तर त्याच दिवशी कायमचं घरी. म्हणून बसमधून उतरलं की रस्त्याच्या अलीकडे मावशीच्या टपरीवर फोन द्यायचा, बिल्ला घ्यायचा आणि सिग्नल लाल झाला की पलीकडे पळायचं. दोनशे फोन, दोनशे कप्पे. पहिला कप्पा तिच्या लेकीचा. तीही माझ्याच शेजारी कामाला. लेक पलीकडे पोचेपर्यंत बाई कुणाशी धड बोलायची नाही.

एक दिवस सिग्नलच काढून नेला. मावशी मला ओढत तडक पालिकेत गेली. साहेबाने नकाशा दाखवला. शहरातले सगळे फोन म्हणे त्यात ठिपके होऊन दिसतात.

"हे बघा, दोनशे माणसं दिवसभर तुमच्या टपरीवर बसून असतात. रस्ता कुणी ओलांडतच नाही."

"अहो, ते नुसते फोन आहेत! माणसं पलीकडे राबतायत!"

"नकाशात दिसायला हवं ना, मावशी."

वर मेल्यांनी त्या बसणाऱ्यांसाठी दोन बाकडी पाठवली!

मावशी हट्टाला पेटली. "दिसायला हवं काय? दाखवतेच." शिफ्ट भरताना आणि सुटताना सगळे फोन पोत्यात घालून ती रस्ता ओलांडायची आणि परत यायची. आम्ही हसायचो. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

महिन्याने साहेब म्हणाला, "दोनशे जण एकमेकांना चिकटून, एकाच वेगाने? मशीन त्याला बस समजतं."

तरी ती ऐकेना. त्या सकाळी रस्त्याच्या मधोमध पोत्याच्या ओझ्याने वाकली. लेकीने पलीकडून पाहिलं आणि "आई, दे इकडे!" म्हणत धावली. ट्रकला थांबायला काही कारणच नव्हतं.

पोतं फाटून फोन रस्ताभर पसरले. अर्धा तास कुणी उचलले नाहीत. मावशी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

पुढच्याच आठवड्यात सिग्नल आला. मागोमाग साहेबही आला, अगदी खुशीत.

"झालं बघा तुमचं काम! त्या दिवशी दोनशे माणसं अर्धा तास रस्त्यात अडकलेली दिसली."

"माझी लेक धरली का त्यात?"

"एकूण एक धरलंय, मावशी. आणि संध्याकाळी सगळी नीट घरीही पोचली."

लेकीचा फोन त्या संध्याकाळी मावशीच्या पिशवीतून घरी गेला होता.