आण्णांची तीन वर्षं

आमच्या आण्णांना पाटीलकीनं खाल्लं.

आज त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. घरातलं असं चव्हाट्यावर मांडू नये म्हणतात. मांडतोय.

निमित्त नातीचं. परवा व्हिडिओ कॉलवर विचारत होती, "आजोबा, आर्मीत ऑफिसर व्हायचंय. बारावीनंतर परीक्षा देऊ की आधी डिग्री करू?"

मी म्हणालो, "आधी जन्माचा दाखला दाखव."

ती हसली. मला हसू आलं नाही.

ऑफिसर व्हायला कुठली वाट धरायची, हाच प्रश्न माझ्या वडिलांनी, आण्णांनी, निजामाच्या राज्यात तलवाड्याला बसून सोडवला होता. वहीच्या पानावर मधोमध रेघ. एकीकडे हैदराबाद, दुसरीकडे पुणे.

हैदराबादचं कॉलेज उर्दूत. आण्णांचं उर्दू एकदम फर्स्ट क्लास. पण पुढं निजामाच्या फौजेत अफसर व्हायचं तर मोठ्या माणसाची शिफारस हवी.

पुण्याचं कॉलेज इंग्रजीत. आष्टीवरून नगर, तिथून पुणे, सगळा परका मुलूख. पण कॉलेजातच कवायत आणि बंदूक शिकवायचे. पुढं परीक्षा. पास झालात तर ऑफिसर.

"शिफारस आपल्याकडं न्हाई. डोकं हाय," आण्णा सांगायचे.

पुण्याला गेले.

इथं थोडं मागं जावं लागेल.

आण्णांचे वडील गावचे पाटील. ते वारले तेव्हा आण्णा पंधरा वर्षांचे. वारस अज्ञान असला की पाटीलकीच्या कारभाराला गुमास्ता, म्हणजे बदली माणूस, नेमायचे, आणि भावकीतले त्यासाठी टपूनच बसले होते. मग आण्णांचे चुलते, तात्या, त्यांना फेटा बांधून तहसीलात घेऊन गेले.

"अठरा म्हणायचं. कावून ते इचारायचं न्हाई."

तहसीलदारानं विचारलं, "उमर?"

"अठरा साल, हुजूर."

मिशी फुटली नव्हती पोराला. पण शिक्का बसला. शाळेच्या रजिस्टरातही तात्यांनी तेच वय लावून घेतलं. पाटीलकी घरात राहिली, कारभार तात्या बघू लागले, आण्णा शिकत राहिले.

पुण्याला जाताना आण्णांना हे आठवत नव्हतं असं नाही.

"मला वाटलं, इंग्रजाच्या मुलखात निजामाचा कागद कोण इचारतंय?"

इंग्रजांनी पहिल्यांदा तोच विचारला.

दोन वर्षं कवायतीत पहिला नंबर. खरं वय एकोणीस. कागदावर बावीस. वयाची मर्यादा कधीच उलटून गेली होती.

मग वय दुरुस्त होतंय का बघायला हैदराबादलाही जाऊन आले. तिथं तर शिक्काच निजामाचा. कारकून म्हणाला म्हणे, "पाटीलसाब, आपने खुद बोला है."

खुद बोला है. हे वाक्य आण्णा मला शेवटपर्यंत ऐकवायचे.

परत आले आणि पाटीलकी सांभाळत बसले. पुढं कायदा आला, ती पाटीलकीही गेली. तात्या तोवर वारले होते. असते तर मी त्यांना सोडलं नसतं.

आण्णा म्हातारपणीही पहाटे ताठ मानेनं, पावलं मोजत नदीपर्यंत जायचे. गाव त्यांना कर्नल म्हणायचं. कौतुकानं नाही.

जायच्या आठवडाभर आधी मला जवळ बसवलं.

"एक काम कर. मेल्यावर तरी खरं वय लाव."

मी "हो" म्हणालो.

ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करायला गेलो. खरं वय सांगितलं. ग्रामसेवकानं कागद चाळले.

"भाऊ, समद्या कागदावर तीन वर्षं जास्त हायेत. हे जुळलं न्हाई तर जमिनीला वारसाची नोंद लई अडकंल बगा. तुमची भावकी तर हरकत घ्यायलाच बसलीय."

जमीन. भावकी. पुन्हा तेच.

मी म्हणालो, "कागदावर हाय तेच लिवा."

जन्मभर तात्यांना शिव्या घातल्या मी. माझ्यावर वेळ आली तेव्हा विचार करायला अर्धं मिनिटही लागलं नाही. आणि मला तर कुणी फेटा बांधून नेलं नव्हतं.

दाखला कपाटात आहे. बारा वर्षांत एकदाही उघडून पाहिला नाही.

आण्णा, इथं शिक्का लागत नाही, म्हणून इथं लिहितो. तुम्ही गेलात तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होतात. पंच्याण्णवचे नाही.

श्रद्धांजली वाहायला तोंड नाही मला. नुसता नमस्कार करतो.