उंदरांच्या पिंजऱ्यातलं कोबीचं पान

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, आमच्या लॅबमधल्या उंदरांच्या पिंजऱ्यात कोबीचं पान सापडलं. अर्धवट कुरतडलेलं, अगदी ताजं. ते हातात धरून मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले... चिडायलाही अंगात त्राण नव्हतं.

एका पानाचं एवढं काय, ते सांगते. मी पीएचडी करतेय, सहावं वर्ष. फेलोशिप केव्हाच संपली, आणि शेवटची मुदतवाढ मार्चपर्यंतच आहे. घरी 'कधी संपणार?' हे विचारणंही आता सगळ्यांनी सोडून दिलंय... ते जास्त लागतं.

विषय असा. भाकरी, पालेभाज्या यांतला चोथा आपल्याला पचत नाही. तो आतड्यातले जीवाणू खातात आणि त्यातून शॉर्ट चेन फॅटी ॲसिड्स नावाची छोटी आम्लं बनवतात. भरमसाट चरबी खाऊन शुगर, लिव्हर, वजन या सगळ्याची जी वाट लागते, ती या आम्लांमुळे थोडी तरी कमी होते का, हे मी उंदरांमध्ये बघतेय.

सगळ्यांना तेच तुपकट खाणं, चोथा जवळपास नाहीच. हिरव्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना पाण्यातून ब्युटिरेट, म्हणजे त्या आम्लांपैकीच एक. लाल चिठ्ठीवाल्यांना साधं पाणी. या ब्युटिरेटला खवट लोण्याचा वास येतो आणि तो कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. कर्वेनगरच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट भर गर्दीतही रिकामी राहते... संशोधनातून आजवर मिळालेला फायदा तेवढाच.

लालवाले बिघडायला हवेत आणि हिरवेवाले त्यामानाने बरे राहायला हवेत, असा अंदाज होता. पण बारा आठवड्यांनी दोन्ही सारखेच! लालवाल्यांची शुगर बरी, वजन बरं, अंगावर तकाकी. आधी वाटलं खाणंच जुनं आलंय, मग वाटलं वजनकाटा बिघडलाय, मग वाटलं मीच बिघडलेय. शेवटी थकून थिसिसमध्ये लिहून टाकलं की ब्युटिरेटने काही फरक पडत नाही.

आणि मग हे पान... तेही लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यात.

आमच्याकडे पिंजरे साफ करायला एक मामा आहेत. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातले, कॉन्ट्रॅक्टवर, पण सगळ्यात जुने. पान दाखवून विचारलं, तर त्यांनी लपवलंही नाही. मंडईत गाळेवाले कोबीची वरची पानं काढून टाकतात, ती ते येताना उचलून आणायचे. शिवाय स्वतःच्या डब्यातली चतकोर भाकरी.

"ताई, त्या हिरव्या चिठ्ठीवाल्यांना तुम्ही पाण्यातनं औषध देता. ह्या लालवाल्यांना कायबी न्हाई. नुसतं त्ये तुपकट खायचं रोज. जीवच हाय ना त्यो बी?"

म्हणजे तीन महिने फक्त लालवाल्यांना चोथा मिळत होता, आणि त्यांच्या आतड्यातले जीवाणू घरच्या घरी ब्युटिरेट बनवत होते. माझा सगळा प्रयोग पाण्यात.

मामांवर रागवायचा मला हक्कच नव्हता. कारण इतक्या वर्षांत मामांशी मी काय बोलले होते? 'भुसा बदला', 'चिठ्ठ्या हलवू नका', 'दार लावून घ्या'. आपण इथे काय करतोय आणि का, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, दोन दिवस गप्प बसले. पान कचऱ्यात टाकलं की विषय संपत होता, थिसिस मार्चमध्ये गेला असता. पण 'फरक पडत नाही' हे खोटं वाक्य माझ्या नावावर कायमचं राहिलं असतं. आणि सांगितलं तर मामांची नोकरी... ती भीती वेगळीच.

गुरुवारी मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "छान. उंदरांना घरचा डबा, आणि आपण कँटीनमध्ये." मी म्हटलं, "मॅडम, पानं मामांनी दिली, पण चूक माझी आहे. प्रयोग काय आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही."  त्यावर त्या हळूच म्हणाल्या, "मी तरी कुठे सांगितलंय?" मामांचा विषय तिथेच मिटला.

प्रयोग मात्र पुन्हा पहिल्यापासून. नियमाबाहेरच्या आणखी एका मुदतवाढीचा अर्ज दिलाय. मंजूर होईल की नाही, माहीत नाही.

त्याच दुपारी मामांसोबत बसले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजी पाल्यानंच ती बरी राह्यली?"

"हो मामा, तसंच दिसतंय."

"मग आता शोधायचं काय राह्यलं?"

मी कित्येक आठवड्यांनी खळखळून हसले. ते मात्र हसले नाहीत.

"म्हंजी नव्या लाल चिठ्ठीवाल्यांना आता कायबी द्यायचं न्हाई?"

"नाही मामा."

त्यांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "मग त्यो कप्पा तुमीच बघा, ताई. माझ्यानं न्हाई बघवायचं."

आता नवे उंदीर आलेत आणि लाल चिठ्ठीचे पिंजरे मी स्वतः साफ करते. सहा वर्षं उंदरांची वजनं घेतली, पण त्यांच्याकडे असं बघितलं नव्हतं. झाकण उघडलं की सगळे नाक वर करून माझी बोटं हुंगतात... आणि हातात काही नसतं. ते रोज स्वतः बघायला लावल्याबद्दल, मामा, मी तुमची आभारी आहे.