टाचेचा ठेका

आमच्या शेजारी एक हातमागवाले राहायचे. त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. तरी नाचगाण्यांचा एक जुना इंग्रजी सिनेमा रविवारी सकाळच्या खेळाला लागला, की ते इस्त्रीचा सदरा घालून निघायचे. वर्षाआड तीच प्रिंट यायची, दर खेपेला जास्त ओरखडे घेऊन.

मी शाळेत इंग्रजी शिकवायचो. एकदा विचारलं, “तुम्हाला कळतं काय त्यात?”

“तोंडाकडं कशाला बघता, मास्तर? पायाकडं बघा की. बूट वाजवत नाचणाऱ्या त्या गड्याचा एक ठोका चुकत न्हाय. मागावर बसला असता तर लई चांगलं कापड काढलं असतं त्यानं.”

याहून मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिलेली मी ऐकली नाही.

पुढच्या खेपेला मी सोबत गेलो. ऐन नाचात आवाज गेला. नट मुक्यानंच नाचत राहिला. शिट्ट्या सुरू झाल्या, लोक उठू लागले, “बंद करा” म्हणून कुणी ओरडलं. मला शेजाऱ्यांकडं बघवेना. त्यांनी मात्र वहाणा काढल्या आणि मागाखालच्या पावड्या पायांनी दाबाव्यात तसा, पुढच्या रिकाम्या बाकाच्या फळीवर टाचांनी ठेका धरला. हळूहळू शिट्ट्या थांबल्या. उठलेले बसले.

मग एकदम आवाज परत आला. पडद्यावरचा बूट आणि त्यांची टाच एकाच ठोक्यावर पडली.

सगळं थिएटर टाळ्या वाजवत होतं. ते खाली वाकून अंधारात वहाणा चाचपत होते.