बहिणीचा निरोप

झाड दिसलं की बाई थांबायच्या. अंगठ्याच्या नखानं साल जराशी खरवडायच्या, वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "आत हिरवं हाय, जित्तं हाय." आमच्या शाहूपुरीच्या बोळातलं बदामाचं झाड असो नाहीतर जोतिबाच्या वाटेवरचा वड, सुटका नाही. तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असणारच. लोक त्याला खुळं म्हणतात आणि कुंडीतली तुळस वाळली की गुपचूप त्याच्याच दारात जातात.

बाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. मी कागलच्या एमआयडीसीत लेथवर. माझ्याकडे मोटरसायकल, त्यांच्याकडे वेळ, एवढ्यावर आमची जोडी जमली. सुट्टी आली की सकाळीच हाक, "उठलास का? झाडं वाट बघाय लागल्यात." बायको म्हणायची, माझ्यापेक्षा बाईंचंच जास्त ऐकता. खोटं कशाला बोलू, ऐकत होतो.

निमित्त झालं रोगाचं. डोंगरातल्या एका देवराईत जांभळी शेंड्याकडून वाळायला लागल्या होत्या. बुडाशी काळं पाणी गळायचं आणि बघता बघता उभ्या झाडाचं सरपण व्हायचं. तिकडच्या देव्या बहिणी-बहिणी मानतात, प्रत्येकीची राई वेगळ्या गावात. रोग होता थोरलीच्या राईत. सगळ्यात धाकटीची राई बाईंच्या माहेरी. लहानपणी आई त्यांना त्याच जांभळींना झोळी बांधून निजवायची आणि शेजारच्या रानात भांगलायला जायची. रोग तिथवर पोचायच्या आत त्याची वाट शोधायची आणि आडवा चर मारायचा, हा एकच ध्यास बाईंनी घेतला.

आम्ही राई-राई फिरलो. वारा कुठला, ओढा कुठून येतो, लाकूड कोण नेतं, हे विचारून त्यांनी गुराख्यांना भंडावून सोडलं. एका राईतून दुसरीत जाताना मात्र त्या गावाकडची रीत पाळायच्या. मोठ्या बहिणीकडची मूठभर माती पदराच्या गाठीला बांधून न्यायची आणि लहानीच्या झाडाच्या बुडात सोडायची, बहिणीचा निरोप म्हणून. मी एकदा चेष्टा केली, विज्ञानाच्या बाई आणि हे काय? तर फटकन म्हणाल्या, "गप की. माहेरवाशीण रिकाम्या हातानं जाती व्हय?"

पण रोग काही हटेना. पुढच्या खेपेला गेलो की आधीची चांगली राई वाळायला लागलेली. बाईंची झोप उडाली, जेवण सुटलं. शेवटी एका कॉलेजात मुळांचे तुकडे तपासायला दिले. तिथल्या सरांनी फोनवर सांगितलं, बुरशी आहे, मातीतून पसरते, चपलेला लागलेली चिमूटभर मातीही पुरते.

बाईंनी फोन ठेवला. गाडी काढ म्हणाल्या. धाकटीच्या राईत त्या सरळ एका जांभळीपाशी गेल्या. निरोपाची माती जिच्या बुडात सोडली होती, तीच. साल खरवडली, आत तपकिरी. शेजारची खरवडली, हिरवी. परत पहिलीकडं आल्या आणि नखातून रक्त येईपर्यंत खरवडत राहिल्या. मी हात धरला तेव्हा म्हणाल्या, "मीच आणला रं. माझ्या पदरातनं आणला."

ते एक झाड मुळासकट काढून जाळलं असतं तर कदाचित बाकीची वाचली असती. बाई गावासमोर पदर पसरून रडल्या. पण राईत कुऱ्हाड चालत नाही, गाव कसं ऐकणार? त्यानंतर त्यांनी राईत पाऊल टाकलं नाही. मला डांबरी रस्त्यावर गाडी थांबवायला लावायच्या आणि तिथूनच बघत बसायच्या. बोळातल्या बदामालासुद्धा हात लावेनाशा झाल्या.

यंदा त्या गेल्या. राख माहेरच्या राईत, एखाद्या जांभळीच्या बुडात पुरावी असं मुलाच्या मनात होतं. हल्ली आमच्याकडं बरेच जण तसं करतात. चांगलाच विचार, पण मी आडवा आलो. दवाखान्यात माझं मनगट घट्ट धरून त्यांनी सांगितलं होतं, "माझं कायसुदीक तिकडं न्यायचं न्हाय. राख बी न्हाय."

राख पंचगंगेत सोडली.

परवा त्या रस्त्यानं गेलतो. गाडी थांबवली. रस्त्यावरून शेंडे दिसतात. मधले सगळे वाळलेत, कडेची दोन-चार झाडं हिरवी वाटली. जवळ जाऊन नख लावल्याशिवाय काय कळतंय? माझ्या चपलांना कागलची माती होती. आत गेलो नाही.